तार नेमकी अडते कुठे? वाचकांची पत्रं आणि उत्तरं

मागच्या अंकात रक्तवाहिन्यांत घालायच्या नळ्या आणि तारा, म्हणजे कॅथेटर आणि गाइडवायर, कशा बनतात यावर मी दोन पानं लिहिली होती आणि त्यावर बरीच पत्रं आली. बावीस वर्षं मी हेच काम करतेय, नमुना बनवायचा, तपासायचा, मोडायचा, परत बनवायचा, त्यामुळे हा विषय निघाला की मला थांबता येत नाही हे आधीच सांगते. सगळी पत्रं घेता आली नाहीत, काही एकसारखी होती ती एकत्र केलीत. उपचाराचे प्रश्न मी घेतलेले नाहीत, ते तुमच्या डॉक्टरांनाच विचारा, मी इंजिनिअर आहे.

ताई, वडिलांची मागच्या महिन्यात अँजिओप्लास्टी झाली. मनगटातून तार घातली आणि ती हृदयापर्यंत गेली. वाटेत एवढे फाटे असतात मग ती बरोबर हव्या त्याच फाट्यात कशी शिरते? तिच्या टोकाला कॅमेरा असतो का?

कॅमेरा नसतो. तार आंधळीच असते, बघणारे डॉक्टर असतात आणि तेही एक्स-रेच्या पडद्यावर. रक्तवाहिनी एक्स-रेत दिसत नाही, म्हणून कॅथेटरमधून थोडं थोडं औषध सोडतात (लोक त्याला डाय म्हणतात), ते जाईल तिथली वाट दोन-तीन सेकंद काळी दिसते आणि तेवढ्यात डोक्यात नकाशा बसवायचा असतो.

आणि वळते कशी, तर टोकाला बाक दिलेला असतो म्हणून. पॅकेटमधून तार काढली की बऱ्याचदा तिचं टोक सरळ असतं, डॉक्टर एका बारीक बोथट सुईवरून टोकाचा शेवटचा एखाद-दोन मिलिमीटर हलकेच ओढतात आणि त्याला बाक येतो, वाहिनी किती रुंद आहे आणि फाटा किती कोनात फुटतो हे बघून बाक कमी-जास्त करायचा. मग तारेच्या बाहेरच्या टोकाला एक छोटी प्लास्टिकची मूठ अडकवायची, तिला टॉर्कर म्हणतात, आणि ती अंगठा आणि तर्जनीत धरून फिरवायची. बाहेर फिरवलं की आत बाक फिरतो, बाकाचं तोंड फाट्याकडे झालं की हळूच पुढे ढकलायचं. बस, एवढंच तत्त्व आहे. पण ती तार किती जाडीची, तर ०.३६ मिलिमीटर, आणि लांबी साधारण १८० सेंटिमीटर, म्हणजे माणसापेक्षा लांब आणि जाड दोऱ्याएवढी वस्तू एका टोकाला चिमटीत फिरवायची आणि ती दुसऱ्या टोकाला तेवढीच फिरली पाहिजे, मधे मनगट, कोपर, खांदा, महाधमनी एवढी सगळी वळणं.

फिरली नाही तर काय होतं ते एकदा बघण्यासारखं असतं (काचेच्या मॉडेलमध्ये, माणसात नको). तुम्ही फिरवताय, फिरवताय, टोक ढिम्म. आत तारेला पीळ भरत जातो आणि मग एका क्षणी तो सगळा एकदम सुटतो आणि टोक झटकन अर्धा वेढा उडी मारतं. आम्ही त्याला व्हिप म्हणतो. अशी तार डॉक्टर परत हातात घेत नाहीत, आणि बरोबर करतात.

वडिलांना सांगा, त्यांच्या हृदयात गेलेल्या त्या तारेचं टोक इतकं मऊ असतं की बोटावर टेकवलं तर धड जाणवतसुद्धा नाही. नेहमीच्या वापराच्या तारेचं टोक वाकायला एक ग्रॅमसुद्धा वजन लागत नाही.

हे सगळं शोधलं कोणी? डॉक्टरांनी की तुमच्यासारख्या इंजिनिअरांनी?

हा प्रश्न चार जणांनी विचारलाय आणि माझं उत्तर ऐकून माझे सहकारी नाराज होतील, पण सुरुवात जवळजवळ सगळी डॉक्टरांनी केली, आणि तीही हातात मिळेल त्या वस्तूंनी.

जर्मनीत एबर्सवाल्डेच्या हॉस्पिटलमध्ये वेर्नर फोर्समान नावाचा पंचविशीचा डॉक्टर होता. १९२९ साली त्याने वरिष्ठांची परवानगी मागितली की हाताच्या शिरेतून नळी हृदयापर्यंत नेऊन बघतो, त्यांनी साफ नाही म्हटलं. एक नर्स म्हणाली माझ्यावर करा, तिला त्याने टेबलावर बांधलं आणि तिच्या नकळत नळी स्वतःच्याच हातात घातली, मूत्रमार्गासाठी वापरायची साधी नळी होती ती, ६५ सेंटिमीटर आत घातली आणि तशीच नळी लोंबत ठेवून पायऱ्या उतरून एक्स-रे खोलीत गेला आणि फोटो काढला. तोवर सगळ्यांना वाटायचं की हृदयात काही शिरलं की माणूस मेलाच. याने फोटो काढून दाखवला की मरत नाही. शाबासकी मिळायच्या ऐवजी बोलणीच जास्त खावी लागली आणि पुढे तो मूत्रविकारांकडे वळला, १९५६ ला कुर्नां आणि रिचर्ड्स या दोघांबरोबर नोबेल मिळालं तेव्हा जगाला आठवण झाली. त्याने जे केलं तसं आज कोणी करू नये हे सांगायलाच हवं, नर्सला फसवलं तेही बरोबर नव्हतं, पण पहिलं दार त्याने उघडलं हे खरं.

मग स्वीडनचे स्वेन-इवार सेल्डिंगर. माझं सगळ्यात लाडकं नाव हे. तेव्हा अडचण अशी होती की धमनीत नळी घालायची तर एकतर कापून वाहिनी उघडी करायची नाहीतर एवढी जाड सुई खुपसायची की तिच्या पोटातून नळी जाईल. म्हणजे भोक नळीपेक्षा मोठं, आणि नळीच्या कडेने रक्त येणार. सेल्डिंगर यांनी बरेच प्रयोग केले, जमेना, आणि एक दिवस हातात सुई, तार आणि नळी अशा तीन वस्तू धरून निराश उभे असताना त्यांच्या लक्षात आलं की वस्तू याच लागतात, फक्त क्रम चुकतोय. सुई घाला, सुईतून तार घाला, सुई काढून घ्या, तारेवरून नळी सरकवा, नळी आत गेली की तार काढा. झालं. १९५३ साली त्यांनी हे छापलं. आता नळी भोकापेक्षा जाड आणि वाहिनीची भिंत तिला घट्ट धरून बसते. परकराची नाडी आधी ओवून घेतली की तिच्यामागून काहीही ओढून नेता येतं, तसंच. नवीन वस्तू एकही नाही आणि आज जगभरात कुठल्याही कॅथलॅबमध्ये (म्हणजे एक्स-रेवर बघत असे कॅथेटर घालायची खोली), आयसीयूत, डायलिसिसच्या खोलीत हाच क्रम चालतो. असं म्हणतात की त्यांच्या वरिष्ठांना एवढंसं काम प्रबंधाला पुरेसं वाटलं नाही, त्यांनी पीएचडी दुसऱ्याच विषयावर केली.

१९६४ च्या जानेवारीत अमेरिकेत पोर्टलंडला चार्ल्स डॉटर यांच्याकडे ८२ वर्षांच्या एक बाई आल्या, पायाची बोटं काळी पडलेली आणि पाय कापायला त्यांचा ठाम नकार. डॉटर यांनी मांडीच्या धमनीतल्या अरुंद जागेतून तार घातली आणि तारेवरून एक बारीक आणि त्यावरून दुसरी जाड अशा टेफ्लॉनच्या नळ्या सरकवून वाट रुंद केली. पाय ऊबदार झाला, दुखणं गेलं, आणि त्या बाई पुढची अडीच वर्षं आपल्या दोन पायांवर चालल्या. या डॉटरनी गाइडवायर म्हणून गिटारच्या तारा वापरल्यात. एका प्रदर्शनात बिल कुक नावाचा एक तरुण ब्लोटॉर्चवर नळ्यांना आकार देऊन दाखवत होता, डॉटरनी त्याच्याकडून ती ब्लोटॉर्च आणि थोडी टेफ्लॉनची नळी मागून नेली आणि दुसऱ्या दिवशी दहा तयार कॅथेटर आणून दिले. त्या कुकने स्वतःची कंपनी एका रिकाम्या बेडरूममध्ये सुरू केली होती.

टॉमस फोगार्टी यांचं तर मी कुठेही सांगते. शाळेत असल्यापासून हॉस्पिटलमध्ये काम करायचे आणि तिथे बघायचे की पायात रक्ताची गुठळी अडकली की लांबच लांब कापून ती काढतात आणि तरी बरेच पाय जातात, माणसंही जातात. त्यांनी सर्जनच्या हातमोज्याचं एक लहान बोट कापलं आणि नळीच्या टोकाला बसवलं. गोंद काही धरेना. मग ते लहानपणापासून मासे पकडायचे गळ बांधायचे, ज्यात पिसं आणि दोरा अगदी बारीक गाठींनी बांधतात, त्याच गाठींनी त्यांनी तो रबराचा तुकडा नळीला बांधला. फुगा रिकामा असताना गुठळीच्या पलीकडे न्यायचा, मग फुगवायचा आणि ओढून घ्यायचा, गुठळी बाहेर. १९६१ मध्ये पहिल्यांदा माणसावर वापरला. कंपन्या सुरुवातीला बनवायला तयारच नव्हत्या.

आणि आंद्रेयास ग्रुंट्सिग, झुरिकचे. यांनी डॉटरचं काम पाहिलं आणि म्हणाले नळीवर नळी सरकवण्यापेक्षा फुगा हवा, पण रबराचा फुगा उपयोगाचा नाही, कारण रबर जिथे कमी विरोध असेल तिकडे फुगतं, म्हणजे अरुंद भाग तसाच राहतो आणि फुगा दोन्ही बाजूंना बाहेर येतो, डमरूसारखा. त्यांना असा फुगा हवा होता जो ठरलेल्या मापापर्यंत फुगेल आणि मग कितीही दाब द्या पुढे फुगणार नाही. रात्री स्वयंपाकघरातल्या टेबलावर पीव्हीसीच्या नळ्या, दोरे, डिंक घेऊन बायको आणि सहायक यांच्या मदतीने त्यांनी तो बनवला. १९७४ ला पायाच्या धमनीत आणि १६ सप्टेंबर १९७७ ला हृदयाच्या धमनीत, रोगी ३८ वर्षांचा. आज तुमच्या वडिलांना जे केलं ते हेच, वर स्टेंटची, म्हणजे वाट उघडी ठेवणाऱ्या जाळीच्या नळीची, भर.

तर इंजिनिअर कुठे आले, असं विचाराल तर त्यानंतर. ग्रुंट्सिगच्या कॅथेटरला पुढे छोटीशी तार कायमची जोडलेली असायची, ती वेगळी फिरवता यायची नाही, त्यामुळे वळणाच्या वाहिन्या हाताबाहेर राहायच्या. जॉन सिम्प्सन यांनी, तेही डॉक्टरच, १९८२ मध्ये फुग्याच्या नळीतून सरकणारी, वेगळी फिरणारी तार आणली आणि तिथून खरा तारेचा कस लागायला लागला. मग धातू, कोटिंग, विणकाम, आमचं काम.

ताई, मी मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. टोकाला छोटी मोटर असलेली गाइडवायर बनवायची माझी आयडिया आहे, म्हणजे डॉक्टरांना फिरवत बसायला नको. प्रोजेक्ट म्हणून घेऊ का? सुरुवात कुठून करू?

मोटर बाजूला ठेव. मी तुझा उत्साह मोडत नाहीये, पण मला तुझ्या पत्रात मोटर दिसली, अडचण दिसली नाही. कुठली वाहिनी, कुठलं वळण, तिथे आजची तार का जात नाही, घोडं नेमकं कुठे पेंड खातं हे एकाही ओळीत नाही. वरच्या सगळ्या माणसांची गोष्ट परत वाच, प्रत्येकाला एकच जागा माहीत होती जिथे अडत होतं, आणि वस्तू त्यांना नंतर सुचली.

आधी आकडे घे. तुला बीमचं वाकणं येतं ना? गोल तारेचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताने बदलतो. जाडी निम्मी केली की तार सोळा पट मऊ. हे एक वाक्य म्हणजे निम्मी गाइडवायर आहे. मागचा भाग ताठ हवा नाहीतर ढकललेलं पुढे पोचत नाही, टोक मऊ हवं नाहीतर भिंत फुटेल, म्हणून आतली मुख्य तार टोकाकडे घासत घासत निमुळती करतात, आणि घासताना दहा मायक्रॉनची, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाची, चूक झाली तर बारीक टोकाशी ताठपणा कितीतरी बदलतो. पण गंमत अशी की पीळ पोचवायची ताकदसुद्धा त्याच चौथ्या घाताने जाते. टोक मऊ करायला बारीक केलंस की ते फिरायचंही कमी. शब्दशः तारेवरची कसरत आहे ही. म्हणून टोकावर प्लॅटिनमसारख्या धातूची बारीक स्प्रिंग गुंडाळतात, जाडी तेवढीच राहते, मऊपणा टिकतो, आणि एक्स-रेत टोक ठळक दिसतं.

मग घर्षण. दोर खांबाला गुंडाळला की एका हाताने होडी धरून ठेवता येते तोच नियम इथे आपल्या विरुद्ध जातो. तारेला वाटेत सगळी वळणं मिळून एक पूर्ण वेढा बसला आणि घर्षणाचा गुणांक ०.३ असेल तर टोकाला जेवढं बळ हवं त्याच्या साधारण साडेसहा पट मागून ओढावं लागतं. गुणांक ०.१ वर आणला तर दुपटीपेक्षाही कमी. कॅल्क्युलेटरवर स्वतः काढून बघ. म्हणून तर ओलं झालं की बुळबुळीत होणारं कोटिंग आलं आणि पूर्वी न जाणाऱ्या जागी तारा जायला लागल्या. पण त्याचीही किंमत आहे, तार इतकी सहज सरकते की बोटांना पुढचा अडथळा कळत नाही, आणि भिंतीत कधी शिरली ते समजत नाही. चांगले डॉक्टर तारेचं टोक बोटांनी बघतात, ती जाणीव काढून घेतलीस तर डोळे काढून घेतल्यासारखं आहे. तुझी मोटर नेमकं तेच करणार, म्हणून मी बाजूला ठेव म्हटलं. (मोटर लावून फिरवणाऱ्या यंत्रणा आहेत, पण त्यात मोटर शरीराबाहेर असते, डॉक्टरांच्या मनगटाऐवजी. ०.३६ मिलिमीटरमध्ये मोटर, तिची वीज आणि ती तुटली तर काय, हे तिन्ही प्रश्न एकदम अंगावर घेऊ नकोस.)

धातूही बघ. स्टीलची तार पीळ छान पोचवते, पण एकदा मुडपली की मुडपली. निकेल-टायटॅनियमची, नायटिनॉलची, कितीही वाकवा परत सरळ येते, स्टील जेवढं ताणलं की कायमचं वाकतं त्याच्या कितीतरी पट ती सहन करते, पण मग डॉक्टरांना टोकाला बाक द्यायचा असतो तोही ती नीट घेत नाही. बऱ्याच तारांत मागे स्टील आणि पुढे नायटिनॉल जोडतात, आणि मग सगळी चिंता त्या जोडाची.

आता सुरुवात. माझं ऐकशील तर तार नको, नळी घे, कॉलेजात जमेल. कॅथेटरची भिंत तीन थरांची असते, आत गुळगुळीत टेफ्लॉन, मधे केसाएवढ्या स्टीलच्या तारांची वीण, बाहेर प्लास्टिक, जे मागे कडक आणि पुढे पुढे मऊ होत जातं. यात मधली वीण मला सगळ्यात आवडते, वीण दाट केली की नळी लवचीक होते आणि मुडपत नाही, विरळ केली की ढकलायला बरी. वर आकसणारी नळी चढवून तापवतात, प्लास्टिक वितळून विणीत शिरतं, मग वरची नळी सोलून टाकायची.

एक सांगते. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी एका कॅथेटरचं टोक अजून मऊ करण्यासाठी वीण टोकाच्या थोडी आधीच संपवली आणि विणीच्या शेवटावर कडं बसवायचं ते काढून टाकलं, जाडी वाचेल म्हणून. नमुने सुंदर दिसत होते. ड्रॉइंग, मोजमाप, ओढ-चाचणी, सगळ्यात पास. आमच्याकडे असेंब्लीला एक अनुभवी बाई होत्या, त्यांनी प्रत्येक नळीवरून कापसाचा बोळा हळूच फिरवला, डोळे दुसरीकडे. सहाव्या नळीवर कापसाचा एक तंतू अडकला. मायक्रोस्कोपखाली धरलं तर विणीतल्या एका तारेचं टोक प्लास्टिकमधून बाहेर आलेलं, नुसत्या डोळ्यांना दिसणंच शक्य नाही एवढं. ती रक्तवाहिनीच्या आतून सरकली असती. त्या दिवसापासून मी कडं काढायचा विचार केला नाही आणि कापूस माझ्या टेबलावर कायम असतो.

तर तू आधी कॅथलॅबमध्ये उभी राहा, परवानगी काढून, शिशाचा अ‍ॅप्रन घालून, आठ-दहा केसेस नुसत्या बघ. वहीत फक्त एवढंच लिही, डॉक्टर कधी थांबले, काय बदलून मागितलं, कधी तोंडातल्या तोंडात वैतागले. प्रोजेक्ट त्या वहीत सापडेल.

मी कॅथलॅब टेक्निशियन आहे. नवीन मुलं बुळबुळीत कोटिंगची तार सुईतून परत ओढून घेतात. मी रागावते तर म्हणतात काय होतंय एवढं. तुम्ही छापाल का?

छापते, आणि ठळक छापा म्हणून संपादकांनाही सांगितलंय. कोटिंगची तार धातूच्या सुईतून मागे ओढायची नाही. सुईचं तोंड तिरकं कापलेलं असतं आणि त्याची कड आतून पात्यासारखी असते, तार मागे येताना त्या कडेवर घासते आणि कोटिंगची सालं निघतात. ती सालं आत राहतात, रक्ताबरोबर पुढे जातात आणि बारीक वाहिनीत जाऊन बसतात. अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था) २०१५ मध्ये याच विषयावर, म्हणजे तारा-नळ्यांची कोटिंगं सुटून येण्यावर, सगळ्यांना सावध करणारी सूचना काढली होती. अडली तर सुई आणि तार दोन्ही एकत्र बाहेर काढायचं, जागा दाबून धरायची आणि नव्याने सुरू करायचं. दोन मिनिटं जातात.

दुसरं, तार कोरडी वापरू नका. पॅकेटच्या वेटोळ्यातच सलाइन सोडा, मग काढा, आणि मधे मधे ओल्या गॉझने पुसत राहा, कोरड्या गॉझने पुसलं तर तंतू चिकटतात आणि कोटिंगही ओरखडतं. तुम्ही रागावता ते बरोबरच करता. आणि एक विनंती, तार खराब झाली, साल निघालं, टोक सुटलं तर ती फेकू नका, पिशवीत घालून लॉट नंबरसकट कंपनीकडे पाठवा. आमच्या टेबलावर अशी परत आलेली एक तार शंभर चाचण्यांपेक्षा जास्त शिकवते.

ताई, तार काढायची विसरली तर? आत राहते का कधी?

काका, घाबरू नका पण खोटंही सांगत नाही, असं झालेलं आहे, जास्त करून मानेच्या शिरेत लाइन, म्हणजे औषधं द्यायची नळी, टाकताना, तारेवरून नळी सरकवली आणि तारेचं मागचं टोक हातातून सुटलं तर. म्हणून शिकणाऱ्याला पहिल्या दिवशी सांगतात की तारेचा हात सोडायचा नाही, आणि शेवटी तार बाहेर आली हे मोठ्याने म्हणायचं. राहिलीच तर बऱ्याचदा फासाच्या नळीने, तीही अशीच मांडीतून घालून, पकडून काढता येते.

मी डॉक्टर आहे. एका विशिष्ट वळणासाठी कॅथेटरच्या टोकाचा नवा आकार सुचलाय, पाण्याच्या वाफेवर वाकवून करूनही बघितला, मॉडेलमध्ये छान बसतो. पुढच्या महिन्यात कॉन्फरन्समध्ये दाखवणार आहे. मग पेटंट कसं घेऊ?

डॉक्टरसाहेब, आधी थांबा, कॉन्फरन्स नंतर. युरोपात आणि इतरही बऱ्याच देशांत अर्ज करण्यापूर्वी तुम्ही स्वतः जरी ती गोष्ट जाहीर दाखवली तरी ती नवीन राहत नाही आणि पेटंट हातचं जातं. अमेरिकेत एक वर्षाची सवलत आहे, पण तिच्या भरवशावर राहू नका. पोस्टर, स्लाइड, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलेला फोटो, सगळं जाहीरच धरा. आधी पेटंट वकिलाकडे जाऊन तात्पुरता अर्ज टाका, मग खुशाल दाखवा. कोणा कंपनीशी बोलायचं असेल तर गोपनीयतेचा करार करून बोला, आणि वहीत तारखा घालून रेखाटनं ठेवा, फोटोसकट.

उपचाराच्या पद्धतीचं पेटंट बऱ्याच ठिकाणी मिळत नाही, वस्तूचं मिळतं. म्हणून 'अशी वळवली की जाते' असं लिहू नका, पहिला बाक किती अंशांचा, दुसरा किती, मधलं अंतर किती, कुठला भाग मऊ, हे लिहा. आकारावर शोध लागतात, जडकिन्स या डॉक्टरांनी १९६० च्या दशकात हृदयाच्या डाव्या आणि उजव्या धमनीसाठी वेगवेगळे बाक दिले तेच अजून त्यांच्या नावाने चालतात, त्यामुळे लहान गोष्ट आहे असं समजू नका.

वाफेवर वाकवलेला नमुना कृपा करून रोग्यात वापरू नका. मॉडेलमध्ये बसला म्हणजे वस्तू तयार झाली नाही. वाफेने भिंत पातळ झालेली असू शकते, आतलं अस्तर सुरकुतलेलं असू शकतं. आयएसओ १०५५५ या कॅथेटरच्या आंतरराष्ट्रीय मानकात दोन मिलिमीटर बाहेरच्या व्यासाचा, म्हणजे ६ फ्रेंचचा (फ्रेंच हे नळीच्या जाडीचं माप), कॅथेटर १५ न्यूटन ओढ सहन करून तुटता कामा नये असं आहे, म्हणजे दीड किलो टांगल्यासारखं, प्रत्येक जोडावर. त्याशिवाय गळती, रक्ताशी जुळणं, निर्जंतुक केल्यावर आकार टिकतो का, आणि शरीराच्या तापमानाला, ३७ अंशांना, तो बाक किती वेळ तसाच राहतो. ही शेवटची चाचणी तुम्ही आत्ता करू शकता, कोमट पाण्यात तासभर ठेवा आणि आधी-नंतर कागदावर ट्रेस करा. बऱ्याच जणांचे सुंदर आकार मी त्या पाण्यात उलगडताना पाहिलेत. उलगडला तर निराश होऊ नका, मटेरियल बदलायला लागेल, कल्पना नाही.

मी दहावीत आहे. मला हे काम करायचंय. आत्ता घरी काय करून बघता येईल?

किती छान पत्र लिहिलंस, चित्रासकट. हे कर. फिशटँकला लावतात तसली पारदर्शक बारीक नळी घे, एक मीटर, आणि पुठ्ठ्यावर टेपने चिकटव, आधी सरळ. गिटारची सगळ्यात बारीक साधी तार घे, तिच्या टोकाचा अर्धा सेंटिमीटर थोडा वाकव, आणि दुसऱ्या टोकाला कागदाचा झेंडा चिकटव म्हणजे किती फिरवलीस ते कळेल. पाणी भरून तार आत घाल आणि झेंडा पाव वेढा फिरव, टोक किती फिरलं ते बघ. मग नळीला एक वळण दे, परत कर. मग दोन, मग तीन. मग पाण्यात थोडा साबण घाल आणि तेच सगळं परत. वहीत तक्ता कर, वळणं किती, झेंडा किती फिरवला, टोक किती फिरलं, उडी मारली का. तार डोळ्यांपासून लांब ठेव, टोकं टोचतात, आणि हे फक्त नळीतच करायचं.

कितव्या वळणाला टोकाने पहिली उडी मारली आणि साबण घातल्यावर ती किती पुढे गेली, एवढं मला लिहून पाठव, पुढच्या अंकात तुझा तक्ता छापू.